ठळक दिसेल अशी पाटी

लघुउद्योगाला भांडवल मिळवण्याचे एकूण सात मार्ग आहेत. हे सातही मार्ग मला क्रमाने, उलट क्रमाने आणि झोपेतही सांगता येतात, कारण गेली बावीस वर्षं मी ते कॉलेजात शिकवतो आहे. माझे कित्येक विद्यार्थी आज ठिकठिकाणी उत्तम कर्जबाजारी आहेत. मी स्वतः मात्र या सातांपैकी एकाही मार्गावर कधी पाऊल टाकलं नव्हतं. पोहण्यावर पुस्तक लिहिणाऱ्याने पाण्यात उतरलंच पाहिजे, असा काही नियम नाही.

उतरायची पाळी आणली ती हिने. हिचा पाट्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे ओळीने तीन खोल्या : पुढे काउंटर, मधे काम आणि मागे पितळेचे पत्रे. दारावरची नावं, 'ढकला', 'ओढा', 'येथे वाहन उभे करू नये', 'आत येण्यापूर्वी विचारा' हे सगळं तिथे तयार होतं. शहरातली निम्मी माणसं दिवसभर हिच्या हुकमात वागतात आणि त्यांना ते माहीत नसतं. मला ते माहीत असतं, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक.

कारखान्यात हिच्याशिवाय आहेत एक कोरायचं जुनं यंत्र आणि उस्ताद. उस्ताद सासरेबुवांच्या काळापासून, म्हणजे एकेचाळीस वर्षं पाट्या करताहेत. बोलतात कमी. जे म्हणायचं ते पितळेत म्हणतात. पण हल्ली लोक दारावर छापील कागद चिकटवतात, नाहीतर पाटीच लावत नाहीत आणि येणाऱ्याला फोनवर सांगतात, "निळं दार आहे, ठोठावा." काम निम्म्यावर आलं होतं.

एक दिवस हिने वही मिटली आणि म्हणाली, "हॉस्पिटलचं काम मिळालं तर ठीक. नाहीतर वर्षअखेर उस्तादांना घरी बसा म्हणावं लागेल. ते मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणायचं."

हे ऐकताच मी ताबडतोब कामाला लागलो.

हॉस्पिटल नवं होतं आणि त्याला एक हजार चारशे साठ दारं होती. प्रत्येक दाराला पाटी हवी, तीन महिन्यांत हवी. आमचं जुनं यंत्र दिवसाला बारा पाट्या कोरायचं, तेही त्याचा मूड असला तर. समोर स्पर्धेला चिकटवायच्या प्लॅस्टिक पाट्या बनवणारी एक मोठी कंपनी होती. हॉस्पिटलच्या खरेदी अधिकारी बाई महिन्याभरात दोन्ही जागा पाहून निर्णय घेणार होत्या.

"नवं यंत्र घ्यावं लागेल," ही म्हणाली. "पैसे कुठून आणायचे?"

"सात मार्ग आहेत."

"सात नकोत. एक पुरे."

पहिला मार्ग स्वतःच्या बचतीचा. मी बचतीची चौकशी केली, तेव्हा ही म्हणाली, "ती तुमच्या दातांत आहे." गेल्या वर्षी मी वरचे सहा दात बसवून घेतले होते. विषय तिथेच मिटला. मी तोंडही मिटलं.

दुसरा नातेवाइकांचा. सासरेबुवांनी माझं म्हणणं डोळे मिटून ऐकलं. "जावईबापू, हा धंदा मी एका छिन्नीवर सुरू केला. यंत्र नाही, कर्ज नाही."

"पण बाबा, तेव्हा हॉस्पिटलला चौदाशे दारं नसायची."

"तेव्हा लोक एवढे आजारीही पडत नसत," असं म्हणून त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. थोड्या वेळाने कळलं की ते झोपले आहेत.

शेजारचा कुलूपवाला भागीदारीला एका पायावर तयार होता. "प्रोफेसर, निम्मा वाटा द्या, आजच्या आज पैसे घ्या. नावपण बदलून टाकू : कुलपं आणि पाट्या. वहिनींनी आता आराम करावा." वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भागीदारीतूनच काय, दुकानातूनही निवृत्त झाला. मग यंत्र भाड्याने देणारा एक विक्रेता आला. चार वर्षं भाडं भरायचं, नंतर यंत्र त्याचं त्याला परत. "म्हणजे शेवटी आमच्याकडे काय राहतं?" हिने विचारलं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "अनुभव."

बिलावर उचल घेण्याचा मार्ग माझ्या खास आवडीचा. तो मी फळ्यावर बाण काढून शिकवतो. पण बिल निघणार पाट्या दिल्यावर, पाट्या होणार यंत्र आल्यावर आणि यंत्र येणार बिलावर. मी कागदावर बाण काढून पाहिले, तर ते गोल फिरून माझ्याच अंगावर आले. गुंतवणूकदार म्हणून माझाच एक जुना विद्यार्थी येऊन गेला. त्याने तिन्ही खोल्या पाहिल्या आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, यातून उद्या माझा बाहेर पडायचा मार्ग काय?"

"मागचं दार," ही म्हणाली. "वर पाटी आहे."

राहिली बँक. बँकेने यंत्रासाठी कर्ज दिलं आणि तारण म्हणून तेच यंत्र घेतलं. यंत्र आलं. आकाराने चहाच्या टेबलाएवढं, वर काचेचं झाकण, आवाज मांजर घोरल्यासारखा. दिवसाला शंभर पाट्या कोरणार. उस्तादांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, त्याबरोबर आलेली पुस्तिका थोडा वेळ चाळली आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे." दुसऱ्याचं मूल गाऊन झाल्यावर माणसं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

इथेच थांबायला हवं होतं. पण बँकेचं मंजुरीपत्र अकरा पानी होतं आणि ते मी संपूर्ण वाचलं. माझी अशी समजूत आहे की ते पत्र लिहिणाऱ्यानंतर पूर्ण वाचणारा मी जगातला पहिलाच माणूस असेन. अट चौदा म्हणत होती : तारण मालमत्तेवर बँकेचा हक्क दर्शवणारी, ठळक दिसेल अशी पाटी कर्जदाराने लावावी.

"लावू सावकाश," ही म्हणाली. "आधी गिऱ्हाइकांची कामं होऊ देत."

"अगं, अट म्हणजे अट. उद्या बँक म्हणेल, पाट्यांच्या कारखान्याला एक पाटी लावता आली नाही?"

या मुद्द्यावर मी जिंकलो. क्वचित मिळणारे विजय असे महागात पडतात. मजकूर मी स्वतः तयार केला, कायदेशीर भाषेत, एकाही शब्दाची पळवाट न ठेवता : 'ही मालमत्ता बँकेकडे गहाण आहे. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय येथील कोणतीही वस्तू हलवू नये.' मग मी तो कागद उस्तादांना दिला.

"आकार किती, सर?"

"पत्रात फक्त 'ठळक' म्हटलंय."

उस्तादांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला भाव आला. एकेचाळीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाने त्यांना 'थोडी लहान करा, थोडी स्वस्तात करा' हेच सांगितलं होतं. आकाराची मोकळीक देणारा मी पहिलाच. ते मागच्या खोलीत गेले ते चार दिवस बाहेर आले नाहीत. यंत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जाड पितळी पत्र्यातून त्यांनी एकेक अक्षर बारीक करवतीने कापलं, कानशीने घासलं, आरशासारखं चमकवलं आणि काळ्या पत्र्यावर मागून पिना मारून उभं केलं. पाटी झाली पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच.

ती यंत्रावर बसेना. तिच्याखाली यंत्रच दिसेना. म्हणून उस्तादांनी ती कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर, दरवाज्याच्या बरोबर वर, आठ बोल्ट मारून बसवली. हिच्या कारखान्याच्या नावाची पाटी शेजारीच होती, वीतभर. ती आता एखाद्या तळटीपेसारखी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले आले दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याची पाटी तयार होती.

"घ्या डॉक्टर, तुमची पाटी," ही म्हणाली.

डॉक्टर उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. मान वर, ओठ हलताहेत. "बाई, इथली कोणतीही वस्तू हलवू नये, असं लिहिलंय."

"ते यंत्राबद्दल आहे," मी समजावलं.

"'कोणतीही' लिहिलंय."

"तो केवळ कायदेशीर रिवाज असतो हो."

"माझा भाऊ वकील आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याला विचारून कळवतो." आणि माझ्या वरच्या सहा दातांकडे एकवार काळजीने पाहून ते गेले. तेही गहाण आहेत की काय, असं त्यांना वाटलं असावं.

दुपारपर्यंत अशा चार पाट्या अडकल्या. पितळेचा पत्रा पुरवणारा व्यापारी पुढचा माल घेऊन आला, गाडीतून न उतरताच पाटी वाचली आणि म्हणाला, "यापुढे रोख." सासरेबुवा आले, आतल्या भिंतीवर टांगलेली स्वतःची जुनी छिन्नी काढली, पंच्यात गुंडाळली आणि शर्टाच्या आत घातली. "ही बँकेच्या यादीत नाही ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मी नाही म्हणायच्या आत ते कोपऱ्यावर पोहोचले होते. त्या वयात त्यांना इतकं भरभर चालता येतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

कुलूपवाला आला तो सांत्वनाला. "वहिनी, वाईट वाटलं. पण एक शब्द टाका. बँकवाले सील करायला येतात तेव्हा भलतीच हलकी कुलपं लावतात. मी त्यांना सवलतीत चांगली देईन." त्याच्या मागोमाग एक भंगारवाला वजनकाट्यासह आला आणि समोरच्या फुटपाथवर बसला. त्याला घाई नव्हती. कॉलेजात विभागप्रमुखांनी मला बाजूला घेऊन एक पाकीट खिशात सरकवलं. "सर, सगळ्यांनी मिळून थोडं जमवलंय. नाही म्हणू नका." त्या दिवशीचा माझा तास नेमका 'भांडवलाचे मार्ग' यावरच होता. बावीस वर्षांत प्रथमच वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती. पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

कॉलेजातून थेट कारखान्यात येऊन मी हिला म्हणालो, "पाटी काढू या."

"उस्ताद," हिने आत हाक मारली, "पाटी काढता येईल?"

उस्ताद हात पुसत बाहेर आले. "येईल की ताई. पण भिंतीसकट येईल."

"मग आता बँकेची लेखी परवानगी आणा," ही माझ्याकडे वळून म्हणाली. "तुमचंच वाक्य आहे. डॉक्टरांची पाटी तरी बाहेर पडू दे. गुरुवारी हॉस्पिटलच्या बाई येणार आहेत. दारात भंगारवाला, कपाटात अडकलेल्या पाट्या, माल उधार मिळत नाही. काय दाखवू त्यांना? आणि उस्तादांना काय सांगू?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बँकेत गेलो. कर्ज विभागातले अधिकारी सज्जन होते.

"परवानगी कशासाठी हवी?"

"दातांच्या डॉक्टरांची पाटी हलवायची आहे."

"कुठे?"

"त्यांच्या दारावर."

त्यांनी संगणकात पाहिलं. या कारणासाठी रकाना नव्हता. त्यांनी दुसऱ्या यादीत पाहिलं, तिसऱ्या यादीत पाहिलं आणि शेवटी जो रकाना सर्वांत जवळचा वाटला त्यात नोंद केली. स्क्रीन थोडी माझ्याकडे वळलेली होती, म्हणून मला वाचता आलं : 'कर्जदार तारण सामग्री अन्यत्र हलवण्याच्या विचारात.'

"घाबरू नका," ते म्हणाले. "नियमच आहे. अशा नोंदीनंतर प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. गुरुवारी येतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात दाखवायला बसने गेलो होतो.

गुरुवारी साडेदहाला बँकेचे अधिकारी आले. त्यांनी पाटी खालून वाचली, मग रस्ता ओलांडून पलीकडून वाचली. भंगारवाल्याने त्यांना सरकून जागा दिली. मग आत येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "हे काय आहे?"

"अट चौदा."

"कोणती चौदा?"

मी पत्र उघडून दाखवलं. त्यांनी ती अट कुतूहलाने वाचली, जणू दुसऱ्या कुणा बँकेची असावी. "अहो, हे सगळ्यांच्याच पत्रात असतं. त्याचं काय ते आम्हीच करतो." त्यांनी बॅगेतून काडेपेटीएवढा एक स्टिकर काढला, मागचा कागद सोलला, यंत्राच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, जिथे झुरळालाही तो वाचायला वळावं लागेल तिथे चिकटवला आणि अंगठ्याने दाबला. "झालं."

"आणि डॉक्टरांची पाटी?"

"माल विकायचा नाही, तर हप्ता कसा भरणार?" ते म्हणाले. "विका की."

मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच बाहेरून कुलूपवाल्याचा आवाज आला. तो कुणाला तरी मायेने समजावत होता. "उशीर केलात बाई. बँकेने घेतलं हो सगळं. तो बघा, आत त्यांचा माणूसच आलाय."

हॉस्पिटलच्या खरेदी अधिकारी बाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. पन्नाशीच्या, हातात फाइल, नजर आमच्या भिंतीवर. ही पुढे धावली. मी तिच्या मागे. माझ्या मागे बँकेचे अधिकारी, कारण त्यांना बाहेर पडायचं होतं आणि वाट एकच होती.

"मॅडम, तो एक गैरसमज आहे," मी सुरू केलं. "वित्तपुरवठ्याच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्या रस्ता ओलांडून पाटीखाली येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. हिने माझा दंड धरला होता. चांगला घट्ट.

"गहाण आहे सगळं?" बाईंनी विचारलं.

"फक्त यंत्र," ही म्हणाली. "बाकी सगळं आमचं आहे. शब्द मात्र यांचे आहेत."

"आमचं तर अख्खं हॉस्पिटल गहाण आहे," बाई म्हणाल्या. "कुणी पाटी लावली नाही एवढंच." मग त्यांनी पाटीकडे बोट केलं. "ही कुणी केली?"

हा माझा क्षण होता. नव्या यंत्राची क्षमता, दिवसाला शंभर पाट्या, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मी तोंड उघडलं.

"मी," उस्ताद दारातून म्हणाले. "हातानं. अक्षर कापून, घासून, मागनं बसवलंय."

"बसमधून उतरले तेव्हा माझा चष्मा पर्समध्ये होता," बाई म्हणाल्या. "तरी कोपऱ्यावरून वाचलं मी हे. शब्दन् शब्द. आमच्याकडे आजारी माणसं येतात, म्हातारी येतात, घाबरलेली येतात. चुकीच्या दारात जाऊन बसतात, तास तास. ज्या ज्या पाट्यांचे नमुने आले, त्या सगळ्या नाकाला लावून वाचाव्या लागतात." त्या उस्तादांकडे वळल्या. "अशा किती होतील?"

"लहान आकारात दिवसाला दोन. मदतीला दोघं मिळाले तर तीन-चार."

"मिळतील," ही म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तीन महिन्यांची घाई आता नाही," बाई म्हणाल्या. "लिफ्टच अजून आलेली नाही. ज्या दारातून रुग्ण जातो ती सगळी दारं तुमची. दोनशे दहा. दर काय तो नीट लावा, हाताचं काम आहे. अर्धी रक्कम आगाऊ चालेल?"

"आम्ही आगाऊच घेतो," ही म्हणाली. "माझ्या हातात आल्यापासून एकोणीस वर्षं आगाऊवरच चाललाय कारखाना."

हे मला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाकडून आधी पैसे घ्यायचे आणि त्यातून काम करायचं, हा प्रकार आमच्या अभ्यासक्रमात नाही. मी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. तेही विचारात पडले होते.

"आणि बाकीची बाराशे पन्नास दारं?" मी विचारलं. "ती आमच्या यंत्रावर..."

"ती कपाटं आणि कोठारं. ती प्लॅस्टिकवाल्यांना सकाळीच देऊन आले," बाई म्हणाल्या आणि फाइलमध्ये आकडे लिहू लागल्या.

भंगारवाल्याने काटा उचलला. कुलूपवाला त्याच्याशी काहीतरी बोलत निघून गेला. डॉक्टरांची पाटी ही स्वतः नेऊन देऊन आली. उस्तादांना घरी बसायला सांगायचं काम माझ्या अंगावरून कायमचं गेलं. एकूण माझ्या योजनेला उत्तम फळ आलं होतं, फक्त ते माझ्या झाडाचं नव्हतं.

संध्याकाळी मला एक कल्पना सुचली. अक्षरं हाताने कापत बसण्यापेक्षा ती यंत्रावर कापली, तर उस्तादांचा निम्मा वेळ वाचेल आणि यंत्राचंही चीज होईल. मी मागच्या खोलीतून त्यांच्या जाड पितळी पत्र्याचा एक तुकडा आणला, काचेचं झाकण उघडलं आणि तो आत सरकवला. सरकेना. आडवा करून पाहिला. उभा करून पाहिला. उस्ताद कानस खाली ठेवून शांतपणे पाहत होते.

"सर," ते शेवटी म्हणाले, "दोन मिलिमीटरच्या वरचा पत्रा ते घेत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आलं त्या दिवशी वाचलं की. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे."

मी झाकण लावलं.

कर्ज पाच वर्षांचं आहे.